‘कडक’ला इंग्रजीत काय म्हणतात? जवळच्या इंग्रजी शब्दांमधील अर्थच्छटा ओळखण्याची पद्धत

सोलापुरात ‘कडक’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. चहा कडक असतो, एप्रिल-मेमधले ऊन कडक असते, शेंगाचटणीबरोबर मोडून खायची भाकरी कडक असते, शाळेचे मुख्याध्यापक कडक असतात आणि खळ घालून इस्त्री केलेल्या सदऱ्याची कॉलरही कडक असते. ‘कडक’ला इंग्रजीत काय म्हणतात, असे वर्गात विचारले की बहुतेक मुले ‘हार्ड’ किंवा ‘स्ट्राँग’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात चहा ‘स्ट्राँग’ असतो, ऊन ‘स्कॉर्चिंग’ असते, भाकरी ‘क्रिस्प’ असते, मुख्याध्यापक ‘स्ट्रिक्ट’ असतात आणि कॉलर ‘स्टिफ’ असते. यांतले बहुतेक शब्द दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाहीत. ‘हार्ड भाकरी’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ती शिळी होऊन चिवट झालेली वाटेल, आणि ‘स्ट्राँग हेडमास्टर’ म्हटले तर मुख्याध्यापक अंगापिंडाने दणकट आहेत किंवा कारभारात खंबीर आहेत असा अर्थ निघेल. शिस्तीचा मुद्दा बाजूलाच राहील.

मी काही वर्षे टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला आणि आता संध्याकाळी महाविद्यालयीन मुलांना इंग्रजी शिकवते. या दोन्ही कामांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आपल्या मुलांना इंग्रजी शब्द कमी येतात असे नाही. त्यांना शब्द ‘समान अर्थाचे’ म्हणून येतात, आणि अडचण तिथेच सुरू होते. परीक्षेसाठी समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करताना दोन शब्द म्हणजे एकाच वस्तूची दोन नावे, अशी समजूत मनात पक्की बसते. मराठीत आपण असे कधीच वागत नाही. ‘पाणी, जल, नीर, उदक’ हे पाठ केलेले असले तरी ‘नळाला नीर आले का?’ असे शेजारणीला कोणी विचारत नाही, आणि ‘गंगाजल’च्या जागी ‘गंगापाणी’ म्हणत नाही. मराठीत जो विवेक आपण न शिकता वापरतो, तोच इंग्रजीत जाणीवपूर्वक कसा वापरायचा, याची पद्धत पुढे दिली आहे.

एका क्रियापदामुळे काय होऊ शकते

पद्धतीकडे वळण्यापूर्वी एक प्रसंग सांगते, कारण मला ही पद्धत त्यातूनच सापडली. आमच्या कारखान्यातून निघालेले टॉवेलचे काही खोके न्हावा शेवा बंदरावर पोहोचले तेव्हा तळाशी ओलसर होते. खोके कारखान्यातून कोरडे निघाले होते आणि वाटेत पाऊस झाला होता, म्हणून मी वाहतूकदाराला पत्र लिहिले. त्यातले मुख्य वाक्य असे होते : ‘वुई डाउट दॅट द कार्टन्स गॉट वेट इन युअर ट्रक.’ माझ्या मनात होते, ‘खोके तुमच्याच ट्रकमध्ये भिजले असा आम्हाला संशय आहे.’ वाचणाऱ्याने वाचले, ‘खोके तुमच्या ट्रकमध्ये भिजले असतील असे आम्हाला वाटत नाही.’ आपणही आम्हाला जबाबदार धरत नाही याबद्दल आभार, असे उत्तर आले, आणि भरपाई मागण्यासाठी आमच्या हातात असलेले पत्रच आमच्या विरुद्ध बोलू लागले.

चूक व्याकरणाची नव्हती आणि स्पेलिंगचीही नव्हती. मराठीत ‘शंका’ आणि ‘संशय’ हे शब्द दोन्ही बाजूंना वळतात. ‘तो वेळेवर येईल याची मला शंका आहे’ म्हणजे तो येणार नाही असे वाटते. ‘पैसे त्यानेच घेतले अशी मला शंका आहे’ म्हणजे त्याने घेतले असे वाटते. आपल्याला संदर्भावरून दिशा कळते. इंग्रजीत या दोन दिशांसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. एखादी गोष्ट खरी नसावी असे वाटते तेव्हा ‘डाउट’, आणि ती खरी असावी असे वाटते तेव्हा ‘सस्पेक्ट’. माझ्या पत्रात ‘वुई सस्पेक्ट’ हवे होते. याच गल्लतीचे सौम्य रूप वर्गात रोज ऐकू येते : ‘मॅडम, आय हॅव अ डाउट.’ आपल्याकडे याचा अर्थ ‘मला एक प्रश्न विचारायचा आहे’ इतकाच असतो आणि भारतीय शिक्षकाला तो बरोबर कळतो; पण भारताबाहेरच्या ग्राहकाला बैठकीत हे वाक्य ऐकवले तर आपल्या म्हणण्यावर याचा विश्वास नाही, असे त्याला वाटू शकते. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावे.

इंग्रजीत इतके शब्द का साठले

हे थोडक्यात समजून घेतले तर पुढचे काम सोपे होते. इंग्लंडवर १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने विजय मिळवला आणि त्यानंतर दीर्घ काळ दरबार, कायदा आणि सरदारवर्ग यांची भाषा फ्रेंच राहिली. धर्म आणि विद्येची भाषा लॅटिन होती, आणि शेतात, स्वयंपाकघरात, बाजारात जुनी इंग्रजीच बोलली जात होती. त्यामुळे एका कल्पनेसाठी घरगुती, दरबारी आणि पंडिती असे दोन-तीन शब्द शेजारी शेजारी राहिले आणि हळूहळू प्रत्येकाने आपापली जागा धरली. ‘हेल्प’ घरचा आहे, ‘एड’ फ्रेंचमधून आला आहे आणि ‘असिस्टन्स’ला लॅटिनचे वजन आहे. बुडणारा माणूस ‘हेल्प!’ असे ओरडतो, ‘असिस्टन्स!’ असे ओरडत नाही. प्रथमोपचाराला मात्र ‘फर्स्ट एड’च म्हणतात, ‘फर्स्ट हेल्प’ म्हणत नाहीत.

मराठीचीही घडण अशीच आहे. ‘हातभार’ घरगुती आहे, ‘मदत’ अरबी-फारसीच्या वाटेने आली आणि ‘साहाय्य’ संस्कृत आहे. लग्नघरात आपण हातभार लावतो, पूरग्रस्तांना मदत पाठवतो आणि सरकारी कागदावर आर्थिक साहाय्य मंजूर होते. सोलापूरच्या मुलांना तर हे अधिक सहज समजावे, कारण गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानावर पडत असल्यामुळे कोणाशी कोणता शब्द वापरायचा याची निवड ती लहानपणापासून करत असतात. इंग्रजीतही आखूड, घरगुती शब्द बोलण्यात आणि लांब, लॅटिन वळणाचे शब्द कागदावर जास्त शोभतात, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. तो नेहमीच खरा ठरत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या लागतात.

पहिली पायरी : सुरुवात मराठी शब्दापासून करावी

बहुतेक पुस्तके इंग्रजी शब्दांच्या जोड्या देतात आणि फरक सांगतात. ते वाचताना सगळे पटते आणि लिहायला बसल्यावर काहीच आठवत नाही, कारण लिहिताना आपल्या मनात आधी मराठी शब्द येतो. म्हणून वहीच्या पानावर सर्वांत वर एक मराठी शब्द लिहावा आणि त्याखाली तो आपण रोज कोणकोणत्या अर्थाने वापरतो याची चार-पाच छोटी मराठी वाक्ये लिहावीत. ‘सावली’ हा शब्द घेतला, तर ‘लिंबाच्या सावलीत बसलो’ आणि ‘भिंतीवर माझी सावली पडली’ ही दोन वाक्ये सुचतात. पहिल्या वाक्यात उन्हापासून आडोसा देणारी जागा आहे, म्हणून ‘शेड’. दुसऱ्यात आकार आहे, म्हणून ‘शॅडो’. दोन वाक्ये वेगळी लिहिली तेव्हाच दोन शब्द लागतात हे कळले.

दुसरी पायरी : तीन-चार शब्दांपेक्षा मोठा गट घेऊ नये

शब्द गोळा करण्यासाठी थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, वापरायला हरकत नाही, पण निवड करण्यासाठी तो वापरू नये. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली आपला थिसॉरस प्रसिद्ध केला, तेव्हा शब्द वर्णानुक्रमाने न लावता कल्पनांनुसार लावले होते. कल्पना मनात आहे पण शब्द सुचत नाही, अशा माणसासाठी ती सोय होती. ज्याला ते शब्द आधीच माहीत आहेत, त्याला यादी पाहून हवा तो आठवतो. ज्याला माहीत नाहीत, तो यादीतला सर्वांत भारदस्त शब्द उचलतो आणि वाक्य बिघडवतो. निवडीसाठी इंग्रजी शिकणाऱ्यांकरिता तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा, कारण त्यात सोप्या शब्दांत व्याख्या आणि बहुतेक अर्थांना वाक्यातले उदाहरण असते. इंग्रजी-मराठी कोशात ‘बिगिन’, ‘स्टार्ट’ आणि ‘कमेन्स’ या तिघांपुढेही ‘सुरू करणे’ असेच सापडेल, आणि ते चूक नसले तरी पुरेसे नाही.

तिसरी पायरी : प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारावेत

खरे काम या पायरीवर आहे, म्हणून इथे अधिक वेळ द्यावा. पहिला प्रश्न असा की क्रिया आपोआप घडते की कोणी मुद्दाम करते. ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ हे तिन्ही शब्द आपण ‘पाहणे’ म्हणून शिकतो आणि तिथेच फसतो. ‘सी’ हा बहुतेक वेळा ‘दिसणे’ या शब्दाच्या जवळचा आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले उदाहरण घेऊ. गर्दीत डोके वर काढल्यावर नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली सजवलेली उंच काठी, नजरेस पडला, तर ‘आय सॉ द नंदीध्वज’. कोणी बोट दाखवले आणि आपण त्या दिशेला नजर वळवली, तर ‘आय लुक्ट ॲट इट’; इथे ‘ॲट’ विसरता कामा नये. मिरवणूक पुढे सरकत असताना आपण तिथेच उभे राहून तासभर पाहत राहिलो, तर ‘आय वॉच्ड द प्रोसेशन’, कारण ‘वॉच’मध्ये समोर काहीतरी घडत असते आणि आपण त्यावर लक्ष ठेवून असतो. होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम ‘वॉच’ करायचे असते. भिंतीवरचे चित्र ‘वॉच’ करता येत नाही, त्याकडे ‘लुक’ करावे लागते. याच न्यायाने ‘हिअर’ म्हणजे ‘ऐकू येणे’ आणि ‘लिसन’ म्हणजे ‘लक्ष देऊन ऐकणे’. ‘मला दिसले’ आणि ‘मी पाहिले’, ‘मला ऐकू आले’ आणि ‘मी ऐकले’, असा भेद मराठी व्याकरणातच इतका स्पष्ट आहे की मराठी मुलाने या गटात चुकण्याचे खरे तर काही कारण नाही. फक्त ‘सी’ म्हणजे ‘पाहणे’ हे पाठांतर आधी पुसावे लागते.

दुसरा प्रश्न वाक्यात शब्दाच्या मागोमाग काय येते याचा. ‘से’ आणि ‘टेल’ यांचे अर्थ ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ यांच्याशी चांगले जुळतात. सांगायला समोर कोणीतरी लागते, म्हणायला लागतेच असे नाही. अडचण येते ती ‘ला’ या प्रत्ययामुळे. ‘आईने मला सांगितले’ यातल्या ‘मला’चा ‘ला’ आपल्याकडून ‘टू’ लिहून घेतो आणि ‘शी टोल्ड टू मी’ असे चुकीचे वाक्य तयार होते. ‘टेल’च्या मागे माणूस थेट येतो : ‘शी टोल्ड मी’. ‘से’ला मात्र ‘टू’ लागतो : ‘शी सेड टू मी’. ‘टेल’ काही ठराविक शब्दांबरोबर एकटाही राहतो, जसे की ‘टेल अ लाय’, ‘टेल द ट्रूथ’, ‘टेल अ स्टोरी’. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ या जोडीवर फार वेळ घालवू नये. भाषेचे नाव आले की ‘स्पीक’, दोघांच्या गप्पा असल्या की ‘टॉक’, आणि साहेबांशी औपचारिक बोलणे असेल तर पुन्हा ‘स्पीक’, इतके पुरते.

तिसरा प्रश्न वस्तूकडे कोणाच्या बाजूने पाहिले जात आहे, असा आहे. ‘किंमत’ या एका शब्दासाठी ‘प्राइस’, ‘कॉस्ट’, ‘व्हॅल्यू’ आणि ‘वर्थ’ असे चार शब्द सापडतात. दुकानदार चादरीवर जो आकडा लावतो तो ‘प्राइस’. ती चादर विणायला सूत, रंग, वीज आणि मजुरी मिळून जे लागले ते कारखानदाराचे ‘कॉस्ट’, आणि घेणाऱ्याच्या खिशातून जे गेले तेही त्याच्यासाठी ‘कॉस्ट’. ‘वर्थ’ म्हणजे ती चादर खरोखर किती रुपयांची आहे याविषयीचे मत. समजा ८०० रुपये ‘प्राइस’ असलेली चादर पारखी माणसाला ५०० रुपये ‘वर्थ’ वाटू शकते. ‘व्हॅल्यू’त पैशाखेरीज महत्त्वही येते. आजीने वापरलेली, काठ विरलेली जुनी चादर जुन्या बाजारात विकायला नेली तर तिची ‘वर्थ’ फारशी नाही, पण घरात तिची ‘व्हॅल्यू’ मोठी आहे. मराठीत आपण हाच भेद ‘किंमत’ आणि ‘मोल’ यांतून दाखवतो. या गटातून फुटलेले शब्द फार सांभाळून वापरावेत. ‘प्राइसलेस’ म्हणजे अनमोल, ‘वर्थलेस’ म्हणजे कवडीमोल, आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे ‘व्हॅल्युएबल’च्या उलट नव्हे, तर अत्यंत मोलाचे. पाहुण्यांच्या साहाय्याबद्दल आभार मानताना ‘प्राइसलेस’च्या जागी ‘वर्थलेस’ लिहिले गेले तर ते दुरुस्त करायला दुसरे पत्रही पुरणार नाही. बसचे भाडे ‘फेअर’, डॉक्टरांची ‘फी’, रस्त्यावरचा ‘टोल’, दंडाचा ‘फाइन’ हे शब्द मात्र जागेशी बांधलेले आहेत. ते तसेच लक्षात ठेवावेत.

चौथा प्रश्न बिघाड केव्हा आणि कोणामुळे झाला, असा आहे, आणि आमच्या धंद्यात याच्या उत्तरावर पैसे अवलंबून असतात. मराठीत ‘दोष’, ‘खराबी’, ‘चूक’ हे शब्द आपण सैलपणे वापरतो. टॉवेल विणतानाच एखादी लूप सुटली असेल तर तो ‘डिफेक्ट’, कारण वस्तू तयार होतानाच तो तिच्यात आला. तोच टॉवेल नीट विणला गेला, पण खोका उचलताना हुक लागून फाटला, तर ते ‘डॅमेज’, कारण चांगल्या वस्तूवर नंतर आघात झाला. ग्राहकाने ‘डिफेक्टिव्ह’ लिहिले तर बोट विणणाऱ्याकडे जाते आणि ‘डॅमेज्ड’ लिहिले तर हाताळणाऱ्याकडे. ‘फॉल्ट’ हा शब्द कापडधंद्यात कापडातल्या दोषासाठीही सर्रास वापरतात आणि ते चूक नाही, पण त्याचा दुसरा अर्थ जबाबदारी असा आहे. ‘इट इज अवर फॉल्ट’ असे लिहिले की आपण दोष पत्करला. ‘फ्लॉ’ हा एरवी चांगल्या असलेल्या वस्तूतला किंवा युक्तिवादातला कच्चा दुवा. ‘मिस्टेक’ माणूस करतो. ‘एरर’ माणसाकडूनही होते आणि यंत्राकडून, हिशेबातूनही, आणि ते अधिक औपचारिक आहे. आणखी एक बाब वहीत लाल शाईने लिहून ठेवावी : ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान आणि त्याला अनेकवचन नसते, ‘डॅमेजेस’ म्हणजे न्यायालयाने द्यायला लावलेली भरपाई. खोक्यांच्या नुकसानाबद्दल लिहिताना ‘डॅमेजेस’ लिहिले, तर आपण खटल्याची भाषा बोलू लागलो असे समोरच्याला वाटेल.

पाचवा प्रश्न बोलणाऱ्याच्या मताचा. ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी आणि ‘स्टिंजी’ म्हणजे चिकट. माणूस एकच, पण पहिल्या शब्दात कौतुक आणि दुसऱ्यात नापसंती आहे. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ, ‘स्किनी’ म्हणजे हडकुळा. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे निरागस, ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश. ‘चीप’मध्ये ‘स्वस्त’ आणि ‘सवंग’ हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला ‘चीप’ म्हणू नये. ‘अवर टॉवेल्स आर चीप’ हे वाक्य मी स्वतः एका माहितीपत्रकात छापलेले पाहिले आहे आणि ते वाचून मला खरोखर वाईट वाटले, कारण त्या टॉवेलमागची मेहनत मला माहीत होती. तिथे ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ किंवा ‘रीझनेबली प्राइस्ड’ हवे होते.

सहावा प्रश्न मर्यादेचा, म्हणजे कोण कोणाला लिहीत आहे याचा. ‘मागणी’ हा मराठीत सभ्य शब्द आहे. मुलीला मागणी घालतात, मालाला मागणी असते, ग्राहकाच्या मागणीनुसार माल पाठवतात. म्हणून आपण सहज ‘ॲज पर युअर डिमांड’ लिहितो. इंग्रजीत बाजारातली मागणी ‘डिमांड’ असते हे खरे, पण एका माणसाने दुसऱ्याकडे केलेली ‘डिमांड’ म्हणजे हट्टाने, हक्काने, जवळजवळ दरडावून मागणे. ग्राहकाने नमुना मागितला असेल तर ‘ॲज रिक्वेस्टेड’, ऑर्डर दिली असेल तर ‘ॲज पर युअर ऑर्डर’. ‘अपेक्षा’ हा शब्दही असाच फसवतो. ‘१० तारखेपर्यंत पैसे मिळावेत अशी अपेक्षा आहे’ हे मराठीत नम्र आहे. ‘वुई एक्स्पेक्ट युअर पेमेंट बाय द टेन्थ’ यात मात्र तगाद्याचा सूर आहे, कारण ‘एक्स्पेक्ट’मध्ये गोष्ट होणारच किंवा व्हायलाच हवी अशी धारणा असते. पहिल्या स्मरणपत्रात ‘वुई होप टू रिसीव्ह’ लिहावे आणि ‘एक्स्पेक्ट’ तिसऱ्या पत्रासाठी राखून ठेवावा.

चौथी पायरी : एकाच वाक्यात प्रत्येक शब्द बसवून पाहावा

रंगवलेल्या सुताच्या दोन लडी ट्यूबलाइटखाली अगदी एका रंगाच्या दिसतात, आणि त्याच दाराबाहेर उन्हात नेल्या की एक किंचित हिरवट आणि दुसरी निळसर निघते. म्हणून जाणकार रंगारी लडी हातात घेऊन आधी बाहेर येतो, दोन्ही शेजारी धरतो, जरा तिरक्या करून पाहतो आणि मगच शेड जुळली असे म्हणतो. शब्दांना असा उजेड वाक्यातच मिळतो. ‘द मशीन वुड नॉट डॅश’ या वाक्यात (‘डॅश’ म्हणजे रिकामी जागा) ‘स्टार्ट’ बसतो. ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’ बसत नाहीत. ‘माग सुरू होत नाही’ म्हणता येते, ‘मागाचा आरंभ होत नाही’ म्हणता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. उलट ‘द मीटिंग विल डॅश ॲट टेन’ या वाक्यात तिन्ही बसतात, पण ‘कमेन्स’ आला की ती छापील सूचना वाटते.

इथेच विरुद्धार्थी शब्दाचीही परीक्षा घ्यावी. ती फार लवकर निकाल देते. ‘ओल्ड’चा विरुद्धार्थी शब्द कपड्यांच्या बाबतीत ‘न्यू’ आणि माणसांच्या बाबतीत ‘यंग’, कारण आपल्याकडेही ‘जुना’ आणि ‘म्हातारा’ वेगळे आहेत. ‘थिन’च्या विरुद्ध कापडाला ‘थिक’ आणि माणसाला ‘फॅट’. ‘लाइट’च्या विरुद्ध वजनात ‘हेवी’ आणि रंगात ‘डार्क’. एकाच शब्दाचे विरुद्धार्थी वेगळे निघाले, तर त्याचे अर्थही वेगळे आहेत; दोन शब्दांचे वेगळे निघाले, तर ते दोन शब्द एक नव्हेत.

पाचवी पायरी : आपले स्वतःचे वाक्य लिहावे

कोशातले वाक्य उतरवून घेतले तर ते कोशाचेच राहते. प्रत्येक शब्दाला स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य द्यावे, आणि ते इतके नेमके असावे की शेजारचा शब्द घातल्याबरोबर खटकावे. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘वेज’ आणि ‘सॅलरी’ यांसाठी लिहिलेली वाक्ये मला आजही आठवतात : तिच्या आईला विड्या वळण्याचे आठवड्याला ‘वेजेस’ मिळतात आणि तिच्या काकांना बँकेत महिन्याला ‘सॅलरी’ मिळते. घरात दोघांच्याही कमाईला ‘पगार’च म्हणतात, असेही तिने खाली लिहिले होते. असे लिहिलेला शब्द पुन्हा विसरला जात नाही.

आठवड्यात दोन गट पुरेत. आठ दिवसांनी त्या पानावरची इंग्रजी बाजू हाताने झाकावी आणि मराठी वाक्यांवरून शब्द आठवावेत. अडले तर तो गट पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावा आणि नवा गट थांबवावा. वर्तमानपत्र वाचताना गटातला एखादा शब्द भेटला की ते वाक्य त्याच पानावर टिपून ठेवावे. सहा महिन्यांनी त्या पानावर जे दिसेल ते कोणत्याही तयार पुस्तकात सापडणार नाही.

सरावासाठी एक गट

‘नाकारणे’ हा शब्द पानाच्या वर लिहावा आणि खाली ही चार वाक्ये : त्याने चोरीचा आरोप नाकारला. कामगारांनी जादा पाळी करायला नकार दिला. त्यांनी लग्नाचे आमंत्रण नम्रपणे नाकारले. ग्राहकाने माल नाकारला. आता ‘डिक्लाइन’, ‘रिजेक्ट’, ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ हे चार शब्द वरच्या सहा प्रश्नांतून गाळून जागेवर बसवावेत, आणि पुढचा परिच्छेद त्यानंतरच वाचावा.

आरोप खरा नाही असे म्हणणे म्हणजे ‘डिनाय’. त्याच्या मागे क्रियापद आले तर ‘डिनाइड स्टीलिंग’ असे ‘आयएनजी’चे रूप येते. करणार नाही असे म्हणणे म्हणजे ‘रिफ्यूज’. त्याच्या मागे ‘टू’ येतो, जसे ‘रिफ्यूज्ड टू वर्क’. आमंत्रण, प्रस्ताव, मानाचे पद यांना सभ्यपणे नाही म्हणणे म्हणजे ‘डिक्लाइन’, आणि आरोप कधी ‘डिक्लाइन’ करता येत नाही. चौथ्या वाक्यात ‘रिजेक्टेड’ बसतो, पण तिथे ‘रिफ्यूज्ड’ही बसतो, आणि फरक पाहण्यासारखा आहे. ग्राहकाने खोके उघडून, टॉवेल मोजून, तपासून ते कसोटीला उतरले नाहीत असे ठरवले, तर त्याने माल ‘रिजेक्ट’ केला. खोके दारातच थांबवून आत घेतले नाहीत, तर त्याने माल ‘रिफ्यूज’ केला. पहिल्या बाबतीत तपासणीचा अहवाल मागवायचा असतो. दुसऱ्या बाबतीत ट्रक अजून त्याच्या दाराशी उभा असतो आणि आधी फोन करायचा असतो.